पहिली टाकी घेण्याआधी

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणाचा मजकूर)



मी वाडीहून बोलते आहे. नागपूरला लागून, अमरावती रोडवरची आमची वाडी. इथल्या आणि आजूबाजूच्या दवलामेटी, लावा या भागातल्या बचत गटांची मी समन्वयक आहे. शेळी, शिलाई मशीन, पापड, मिरची अशा कर्जांबद्दल तुमच्याशी कितीदा तरी बोलले असेन. आज मात्र मी टाकीबद्दल बोलणार आहे.

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माह्या पोरीले टाकी घ्याची हाय. वीस हजार पाह्यजेत."

कोणीतरी विचारलं, "कायची टाकी वं? पाण्याची?"

"पाण्यात न्याची. हवेची."

सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांची लेक बारावी झालेली. लहानपणापासून पोहण्यात हुशार. वर्षभरापूर्वी ती मामेभावाच्या ओळखीने सिंधुदुर्गात गेली. मालवणजवळ तारकर्ली आहे. तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून पर्यटकांना समुद्राखाली नेतात, मासे आणि प्रवाळ दाखवतात. त्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ते शिकवणारी संस्थाही तारकर्लीलाच आहे. पोरगी पहिला कोर्स करून तिथल्या एका केंद्रावर मदतनीस म्हणून राहिली होती. स्वतःची टाकी असली की रोजापेक्षा जास्त पैसे सुटतील, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. दोन जुन्या टाक्या मिळून वीस हजारांत देतो, असा एक माणूसही तिला भेटला होता.

गटात दोन तट पडले. एक बाई म्हणाल्या, "पोट्टीले समुद्रात कायले धाडता?" दुसरी म्हणाली, "पोराने मागितले असते तर विचारलं असतं का?" हा दुसरा प्रश्न मला लागला. खरंच, पोराने मोटारसायकलसाठी मागितले असते तर आपण फक्त हप्ता विचारला असता. म्हणून ठरलं, की पोरगी आहे म्हणून नाही म्हणायचं नाही, आणि पोरगी आहे म्हणून डोळे मिटून हो पण म्हणायचं नाही. वस्तू समजून घ्यायची. पंधरा दिवसांची मुदत घेतली आणि माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं.

इथे एक कबुली देते. सहा वर्षांपूर्वी मी समन्वयक म्हणून नवी होते. एका गटाला मिरची कांडपाची मशीन घ्यायची होती. मी कोटेशन पाहिलं, हप्ता बसवला, ठराव लिहून घेतला. मशीन आली, हार घातला, फोटो काढला. मग कळलं की तिला थ्री फेज वीज लागते आणि त्या वस्तीत ती नाही. सात महिने मशीन चादरीखाली पडून होती आणि बायका मजुरीच्या पैशातून हप्ते भरत होत्या. मशीन चांगली होती. ती कशावर चालणार हे मी विचारलं नव्हतं, चूक तिथे झाली. तेव्हापासून मी वस्तूची किंमत विचारण्याआधी ती रोज काय खाणार हे विचारते.

आता टाकीकडे येते. मला जे समजलं ते तुम्हाला सांगते. तुमच्यातली कोणी उद्या टाकी घेईल असं नाही, पण यातलं बरंचसं तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरलाही लागू आहे.

पहिली गोष्ट. या टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते. आपण श्वासात घेतो तीच, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. कोरोनाच्या काळात आपण ऑक्सिजनच्या टाक्यांसाठी लोकांना धावताना पाहिलं, म्हणून पाठीवरची टाकी दिसली की आपण ऑक्सिजनच म्हणतो. पण निव्वळ ऑक्सिजन पाण्यात सहा मीटरपेक्षा खाली शरीराला विषारी ठरू शकतो, झटके येऊ शकतात. तेव्हा दवाखान्याची टाकी पाण्यात चालेल का, या प्रश्नाचं उत्तर साफ नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. आमच्या वाडीत ट्रक फार, म्हणून ट्रकचंच उदाहरण देते. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण सात-आठ बार असतो. आपल्या गॅस सिलिंडरमधलाही जवळपास तेवढाच. पाण्यात न्यायच्या टाकीत तो २०० बार असतो, म्हणजे टायरच्या पंचवीसपट. एवढ्या दाबाने भरलेली टाकी सडलेली असेल आणि फुटली, तर ती टाकी राहत नाही, बॉम्ब होतो. माझा सगळा जीव याच एका गोष्टीवर अडकला होता.

तिसरी गोष्ट, टाकीत हवा मावते किती आणि पुरते किती. सगळ्यात जास्त वापरात असलेली टाकी अॅल्युमिनियमची असते. तिच्या पोटात पाणी भरलं तर सुमारे ११ लिटर मावेल. त्यात २०० बारने हवा दाबली की ११ गुणिले २०० म्हणजे २,२०० लिटर हवा झाली. छतावरच्या हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या भरून वर थोडी उरेल, एवढी.

आता हिशेब करू. वर माणूस मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो असं धरा. पाण्यात दर दहा मीटरला दाब वाढतो, म्हणून दहा मीटर खाली हवा दुप्पट लागते, वीस मीटर खाली तिप्पट. दहा मीटरवर झाले मिनिटाला ४० लिटर. टाकी पूर्ण संपवायची नसते. ५० बार हवा अडीअडचणीसाठी राखायची, गटाच्या राखीव निधीसारखी. ती ५५० लिटर बाजूला काढली की उरली १,६५० लिटर. भागिले ४०, म्हणजे जेमतेम ४१ मिनिटं. नवखी व्यक्ती घाबरून जास्त हवा ओढते, तिला अर्धा तासच पुरेल. याचा अर्थ, चार वेळा पाण्यात जायचं तर चार वेळा टाकी भरावी लागणार.

चौथी गोष्ट, धातू कोणता. अॅल्युमिनियम की पोलाद? आपल्या भांड्यांसारखंच आहे. अॅल्युमिनियम स्वस्त पडतं, तांबडा गंज धरत नाही, पण मऊ असतं. बाहेरून पोचे, ओरखडे लवकर पडतात आणि जिथे खारं पाणी साचून राहतं तिथे पांढरी भुकटी धरून खड्डे पडतात. पोलाद कणखर, पण आत ओल गेली की गंजतं आणि ते बाहेरून दिसत नाही. आणखी एक गंमत आहे. अॅल्युमिनियमची टाकी भरलेली असताना पाण्यात किंचित बुडते, पण हवा संपत आली की तरंगू लागते. कारण आतली हवासुद्धा अडीच-पावणेतीन किलोची असते आणि ती संपली की तेवढं वजन कमी होतं. मग शेवटी माणूस नको तेव्हा वर ओढला जाऊ नये म्हणून कमरेला शिशाचं वजन जास्त लावावं लागतं. पोलादी टाकी बहुधा शेवटपर्यंत जड राहते.

आकाराचंही पाहावं लागतं. ११ लिटरची रिकामी टाकी सुमारे १४ किलोची असते. तोटी आणि हवा धरून १७ किलोपर्यंत जाते. पाण्यात तिचं ओझं वाटत नाही, पण होडीत चढवायची, वाळूतून न्यायची ती आपल्यालाच. लहान चणीच्या मुलीला नऊ-दहा लिटरचीही पुरते. मोठी टाकी म्हणजे चांगली टाकी असं नाही. आपल्या पाठीला झेपेल ती चांगली.

पाचवी गोष्ट तोटीची. आपल्या गॅसला रेग्युलेटर असतो तसा इथेही असतो. टाकीच्या तोटीवर तो दोन प्रकारे बसतो. एकात तो शिकंजासारखा वरून आवळायचा असतो, दुसऱ्यात आट्यांनी आत फिरवायचा असतो. ज्या केंद्रावर काम करायचं तिथले रेग्युलेटर ज्या प्रकारचे, त्याच तोटीची टाकी घ्यावी. नाहीतर टाकी भरलेली, रेग्युलेटर चांगला, आणि दोघांची गाठच पडत नाही. तोटीत एक रबरी कडी असते, कुकरच्या गॅस्केटसारखी. ती चिरली की हवा सुसू करत जाते. कडी स्वस्त असते, दोन-चार जवळ ठेवाव्यात.

सहावी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, टाकीचा खांदा. टाकीच्या गळ्याखालच्या गोलाव्यावर अक्षरं ठोकलेली असतात. बनवणाऱ्याची खूण, टाकीचा नंबर, पोटात किती मावतं, रिकामं वजन, किती दाबाने भरायची, आणि तपासणीचा महिना व वर्ष. ही टाकीची पासबुक आहे. पासबुकाशिवाय आपण कोणाला कर्ज देत नाही, मग टाकी तरी का घ्यायची?

तपासणी दोन प्रकारची. एक, तोटी काढून आत दिवा सोडून पाहायचं, की गंज, खड्डा, तडा आहे का. हे बहुतेक ठिकाणी दरवर्षी करतात. दुसरी पाण्याच्या दाबाची. टाकीत पाणी भरून, रोजच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देतात आणि टाकी किती फुगली, परत जागेवर आली का, हे मोजतात. पाण्याने का, हवेने का नाही? कारण पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे टाकी तिथे फाटलीच तरी स्फोट होत नाही. ही मोठी चाचणी जगात बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांनी होते. आपल्या टाकीची मुदत मान्यताप्राप्त चाचणी केंद्राकडून लिहून घ्यावी. आणि अॅल्युमिनियमची टाकी १९९० च्या आधीची असेल तर हात लावू नये. त्या काळच्या काही टाक्यांचा मिश्रधातू असा होता की वर्षानुवर्षं दाबाखाली राहून गळ्याशी तडे जायचे. अशा टाक्या भरायला आज कितीतरी केंद्रं नकार देतात.

आता तुमच्या घरचं सांगते. आपल्या गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याला खाली तीन पट्ट्या जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. सी-२८ लिहिलं असेल तर २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याची पुढची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटलेलं सिलिंडर दारात आलं तर घेऊ नका, बदलून मागा. तो आपला हक्क आहे.

सातवी गोष्ट आपल्या नागपूरची. असल्या दाबाच्या सिलिंडरवर देशभर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. लोक तिला पेसो म्हणतात. तिचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. वाडीहून ऑटोने जाता येतं. मी कितीदा त्या रस्त्याने गेले, पण आत काय काम चालतं हे मला या टाकीमुळे कळलं. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे सिलिंडर आणि त्याची तोटी मान्यताप्राप्त प्रकारची असावी लागते, चाचणीची मुदत संपलेली टाकी भरता येत नाही, आणि परदेशातून टाकी आणायची तर परवाना लागतो. म्हणून दुबईहून कोणी स्वस्तात आणून देतो म्हणालं, तर आधी कागद मागायचे.

आठवी गोष्ट, भरणार कुठे? हाच माझा थ्री फेजचा प्रश्न. वाडीत हवा भरणारे गल्लोगल्ली आहेत, पण पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर सात-आठ, फार तर दहा बार देतो आणि त्याच्या हवेत तेलाचा अंश असतो. पाण्यातल्या टाकीला श्वासाच्या हवेचा खास कॉम्प्रेसर लागतो. त्याला गाळण्या असतात आणि त्या वेळेवर बदलाव्या लागतात. हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून लांब असावी लागते, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीत गेला तर त्याला वास नसतो, चव नसते, आणि पाण्याखाली माणूस गुंगून जातो. म्हणून टाकी घेणाऱ्याने आधी भरणारा पाहावा. तो गाळण्या कधी बदलतो, एका भरणीचे किती घेतो, आणि बाहेरच्या माणसाची टाकी भरून देतो का, हे विचारावं.

एवढं सगळं वहीत लिहून मी पोरीला फोन केला. म्हटलं, "बाळा, त्या टाक्यांच्या खांद्याचा फोटो पाठव."

तिला राग आला. "ताई, तुम्हाला टाकीतलं काय समजतं?"

मी म्हटलं, "काही नाही समजत. म्हणूनच फोटो माग."

फोटो आला. एका टाकीवर तपासणीची शेवटची तारीख अकरा वर्षांपूर्वीची. दुसरीच्या खांद्यावर पिवळ्या रंगाचा जाड थर, अक्षरं बुजलेली. मी सांगितलं, की त्या माणसाला म्हण, टाक्या चाचणी केंद्रात नेऊ, खर्च आम्ही देऊ, पास झाल्या तर लगेच पैसे. पोरीने तसं सांगितलं. त्यानंतर त्याने तिचा फोन उचलला नाही.

मग मी तिला दुसरा प्रश्न विचारला. "स्वतःची टाकी घेतलीस तर भरशील कुठे?" ती गप्प झाली. कॉम्प्रेसर त्याच केंद्राचा होता, जिथे ती काम करत होती. म्हणजे टाकी तिची, पण हवा मालकाची. शिवाय तिकडे पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, हे काम बंदच असतं. त्या चार महिन्यांत हप्ता थांबत नाही. एका टाकीने तिची कमाई किती वाढणार, हे तिने स्वतःच कागदावर मांडलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. म्हणाली, "ताई, टाकीने माझा रोज नाही वाढत. पुढच्या कोर्सने वाढतो."

बैठक झाली. काकूंना वाईट वाटलं होतं. गटाने आपल्या लेकीवर विश्वास ठेवला नाही असं त्यांना वाटलं. त्या बोलत नव्हत्या. मी पोरीचा हिशेब वाचून दाखवला. तिला टाकीसाठी कर्ज नको, पुढच्या कोर्ससाठी आणि तोंडाला नीट बसणाऱ्या स्वतःच्या मास्कसाठी, पायातल्या परांसाठी हवं होतं. टाकी केंद्राची भाड्याने वापरता येते, मास्क मात्र आपल्या चेहऱ्याचाच लागतो, नाहीतर पाणी शिरतं. गटाने पंधरा हजार मंजूर केले. हप्ते ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात फक्त व्याज. "पोट्टीले समुद्रात कायले धाडता" म्हणणाऱ्या बाईंनीच ठरावाला अनुमोदन दिलं. म्हणाल्या, "हिशेब मांडता येते तिले, बुडणार नाही ते."

त्या पोरीने मला आणखी एक गोष्ट सांगितली. तिथून पुढे वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी नावाचा महिला बचत गट आहे. या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीत बसवून कांदळवन दाखवतात. स्वतः होडी वल्हवतात, माहिती सांगतात. पोरगी म्हणाली, "ताई, आपला गट पण एकदा यावा." मी काकूंना म्हटलं, चला. काकू म्हणाल्या, "मले पाण्याची भीती वाटते." आणि मग हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा.

पोरीने अजून टाकी घेतलेली नाही. घेईल तेव्हा काय विचारायचं हे तिला ठाऊक आहे. टाकी भरणार कुठे आणि कोण? खांद्यावरची तारीख काय सांगते? कागद आहेत का? माझ्या पाठीला आणि माझ्या रेग्युलेटरला ती बसते का? किंमत सगळ्यात शेवटी. घेतल्यावरही काही पाळायचं आहे. गोड्या पाण्याने धुवायची, बुडाचं रबरी बूट काढून तिथलं मीठ घालवायचं, उन्हात तापत ठेवायची नाही, उभी करून सोडायची नाही, आणि कधीच पूर्ण रिकामी करायची नाही, म्हणजे ओल आत शिरत नाही. भरलेली टाकी एसटीत किंवा रेल्वेत न्यायची नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी अशी वस्तू मागेल जिचं नावही तुम्ही ऐकलेलं नसेल. ड्रोन असेल, सोलरचं यंत्र असेल, आणखी काही. तेव्हा हसू नका आणि घाबरूही नका. पंधरा दिवस मागून घ्या आणि ती वस्तू रोज काय खाते, कोणाच्या हातून खाते, ते शोधा.

आणि आज रात्री जेवणं झाली की ओट्याखाली वाकून आपल्या सिलिंडरवरचं अक्षर तेवढं वाचा. पुढच्या बैठकीत मी प्रत्येकीला विचारणार आहे.